डाटा बेका, डिस्क बेका?

बेळ्ळंदूरमध्ये बिघाडांना तोटा नाही, आणि निदान करणाऱ्यांना तर त्याहून नाही. इथल्या तळ्यावर फेस यायला लागला तेव्हा आधी फेस दिसला की आधी फेसाची कारणं ऐकू आली, हे सांगणं कठीण आहे. साबणातले फॉस्फेट, शुद्ध न करता सोडलेलं मैलापाणी, सांडव्यावर होणारी घुसळण. प्रत्येकाकडे एक कारण होतं आणि गंमत म्हणजे सगळी बरोबर होती. मे २०१५ मध्ये त्या फेसाने पेट घेतला. पाण्याला आग लागलेली पाहून बाहेरचे लोक तोंडात बोट घालत होते, तेव्हा बेळ्ळंदूरकर मिथेनवर बोलत होते. पुढे फेब्रुवारी २०१७, मग जानेवारी २०१८. त्या खेपेला तर आग विझवायला लष्कराचे जवान उतरवावे लागले. मधल्या काळात अहवाल झाले, समित्या झाल्या, हरित लवादाचे आदेश झाले. निदानाच्या बाबतीत आम्ही कुणालाही हार गेलो नाही.

त्यामुळे आप्पांच्या काँप्युटरची हार्ड डिस्क आजारी पडली तेव्हा तिची आबाळ होणार नव्हती, एवढं नक्की होतं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. सांगलीला जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आणि आमच्याकडे राहायला आले ते दोन पेट्या, सासूबाईंचा पाटा-वरवंटा आणि डेस्कटॉप घेऊन. लॅपटॉप हे फिरतीवरच्या माणसाचं यंत्र आहे, आपल्याला टेबल आहे, असं त्यांचं म्हणणं. मराठी माणसाचा बेंगळूरशी संबंध शहाजीराजांपासूनचा, हे त्यांनी आल्या आल्या शेजाऱ्यांना ऐकवलं. १६८७ साली व्यंकोजीराजांनी हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाखांना विकायची बोलणी चालवली होती, हेही ऐकवलं आणि वर हळहळले. तीन लाखांत आज बेळ्ळंदूरला तीन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटचं डिपॉझिट भागतं, घरमालक सज्जन असला तर.

लक्षणं हळूहळू सुरू झाली. पंचांगाचं पान उघडायला इतका वेळ लागायचा की तोवर राहुकाळ संपून जायचा. मग खिडकीच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पाँडिंग’ यायला लागलं. मग आवाज: टिक, टिक, खर्र, आणि पुन्हा टिक. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के. “बघ, शंभर टक्के काम करतेय,” आप्पा म्हणाले. त्यांनी ज्या कचेरीत आयुष्य काढलं तिथे हा आकडा कुणाच्याच रकान्यात कधी आला नव्हता.

माझा नवरा एका कंपनीच्या क्लाउड विभागात आहे. त्याच्या देखरेखीखाली लाखो डिस्क आहेत असं तो सांगतो. त्यातली एकही त्याने डोळ्यांनी पाहिलेली नाही. तिकडे एखादी डिस्क मेली की कुठल्याशा देशातला कुणीतरी ती उपसून दुसरी बसवतो आणि याला एक ई-मेल येतं, जे हा वाचत नाही. त्याने आप्पांच्या टेबलाखाली वाकून थोडा वेळ ऐकलं आणि “आवाज येतोय खरा” असं मत देऊन सोसायटीच्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला.

शनिवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये जे जमले त्यांच्या पगारांची बेरीज केली असती तर जिल्हा परिषदेचं एखादं वर्ष निघालं असतं. एक स्टोरेज आर्किटेक्ट. एक साइट रिलायबिलिटीवाला, ज्याचं कामच मुळी काही बंद पडू न देणं. पाचव्या मजल्यावरची एआयवाली. आणि एक स्क्रम मास्टर, ज्याने आल्या आल्या “याचा ओनर कोण?” असं विचारलं. आप्पांनी हात वर केला. सासूबाईंनी पोहे टाकले.

ऑफिसांत एखादी मोठी गोष्ट कोसळली की नंतर आरसीए करतात, म्हणजे मूळ कारण शोधून त्याचा अहवाल लिहितात. इथे डिस्क अजून जिवंत होती, टेबलाखाली खर्र करत होती आणि तिच्यादेखत कारणमीमांसा सुरू झाली. त्या वेळी कुणी ती बंद करून आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घेऊ म्हटलं असतं, तर ते असभ्य वाटलं असतं. उतरवून घेणं हमालीचं काम आहे. निदानाला डोकं लागतं, आणि डोकी तर पोहे खात समोरच बसली होती.

स्टोरेज आर्किटेक्टने प्रस्तावना केली. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरं मावायची. म्हणजे आप्पांच्या मोबाइलमधला एक धड फोटोही मावला नसता. आता तबकडी साडेतीन-चार इंचांची, पण मिनिटाला ७,२०० फेरे घेते. मी गणित शिकवते, त्यामुळे कागद ओढलाच. सेकंदाला १२० फेरे, म्हणजे तबकडीच्या कडेचा वेग निघतो ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. खिडकीतून खाली आउटर रिंग रोड दिसतो. एवढ्या वेगाने जाणारं बेळ्ळंदूरमध्ये दुसरं काही नाही.

आणि त्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीवरून वाचणारं डोकं, म्हणजे हेड, काही नॅनोमीटरवर हवेत तरंगत असतं. माणसाचा केस पाऊण लाख नॅनोमीटरचा. धुळीचा कण त्या फटीत शिरला तर हेडला तो डोंगर. म्हणून डिस्क घरी उघडायची नसते, ती स्वच्छ खोलीतच उघडतात. रस्त्यावर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून आमच्या घरात रोज दोनदा पुसलं तरी टीव्हीवर नाव लिहिता येतं. हे ऐकताना आप्पांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. सासूबाईंनी तो काढून घेतला.

पहिला पक्ष केबलचा निघाला. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधली साटा केबल सैल किंवा खराब असेल तर वाटेत डाटा बिघडतो, पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो, काँप्युटर रांगायला लागतो आणि बोल मात्र डिस्कला लागतो. हे खरं आहे. अशा चुका डिस्क वेगळ्या खात्यात मोजते, १९९ क्रमांकाच्या. तो आकडा वाढत असेल तर आधी पाऊणशे रुपयांची केबल बदलावी. दुसरा पक्ष विजेचा. आमच्याकडे करंट गेला की डीजी, म्हणजे सोसायटीचा डिझेल जनरेटर, सुरू व्हायला काही सेकंद लागतात, ते सेकंद सांभाळायला आप्पांचा यूपीएस आहे, आणि यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली आहे. तो आता फक्त पीं करून करंट गेल्याची बातमी देतो, जी अंधारात सगळ्यांना कळलेलीच असते.

इथे आर्किटेक्टने जे सांगितलं ते मला मनापासून आवडलं. करंट अचानक गेला की डिस्कची मोटर स्वतःच जनरेटर होते. तबकडी फिरतेच आहे, त्या फिरण्यातून वीज काढून डिस्क हेडला सुरक्षित जागी नेऊन ठेवते आणि मग शांत होते. डिझेल नाही, सेकंदभराचीही वाट नाही, महिन्याला मेंटेनन्स नाही. शिवाय असं किती वेळा करावं लागलं तेही लिहून ठेवते. असोसिएशनच्या सभेत “आपल्याकडे करंट फारसा जातच नाही” असं दरवेळी सांगितलं जातं. त्याला लेखी पुरावा आमच्या टेबलाखाली होता.

तर ही सगळी नोंदवही म्हणजे स्मार्ट. प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची रोजची नोंद ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममधून ती वाचता येते. साइट रिलायबिलिटीवाल्याने तो उघडला. पिवळा चौकोन आला, ‘कॉशन’. त्याच वेळी एआयवालीने दुसऱ्या प्रोग्रॅममधून विचारलं, तर उत्तर आलं, ‘पास्ड’. सभेला रंग चढला.

दोन्ही उत्तरं एकाच डिस्कची आणि दोन्ही खरी. ‘पास’ म्हणजे कंपनीने ठरवलेली मर्यादा अजून ओलांडलेली नाही. ती मर्यादा ठरवते कंपनी, मोजते डिस्क, निकाल लावते डिस्क. शाळेत अशी परीक्षा ठेवली तर आमची शाळा राज्यात पहिली येईल. पिवळा चौकोन मात्र एखाद-दुसऱ्या बिघडलेल्या सेक्टरलाही बिचकतो.

सेक्टर म्हणजे डाटा ठेवायचा लहानसा तुकडा. कारखान्यातूनच डिस्कमध्ये काही राखीव सेक्टर सोडलेले असतात. एखादा नादुरुस्त निघाला की डिस्क त्याचा पत्ता गुपचूप राखीव जागेवर हलवते आणि विंडोजला काही कळत नाही. बेंगळूरमध्ये विकत घेतलेला प्लॉट राजकालुव्यावर, म्हणजे पावसाळी नाल्यावर, निघाला की लोक पर्यायी साइट मागतात, ती हीच सोय. फरक इतका की डिस्ककडे ती काही मिलिसेकंदांत मंजूर होते. हे झालं पाच क्रमांकाचं खातं. १९७ क्रमांकाच्या खात्यात ज्यांचा निकाल लागलेला नाही असे सेक्टर. वाचायला गेलं तर वाचता आले नाहीत, पण बाद ठरवावेत असंही नाही. पुढे त्या जागेवर काही नवं लिहायची वेळ आली की फैसला होतो: लिहिलेलं नीट टिकलं तर नाव यादीतून कमी, नाहीतर राखीव जागेवर बदली. आप्पांना हे एका दमात समजलं. “म्हणजे फाईल टेबलावर पडून आहे, साहेबांनी काही लिहिल्याशिवाय हलणार नाही,” ते म्हणाले. सभेतल्या कुणालाही इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

१९७ समोर आकडा होता बरेच शून्य आणि शेवटी दहा. स्क्रम मास्टरने दहा लिहून घेतले. साइट रिलायबिलिटीवाला म्हणाला, हा प्रोग्रॅम आकडे षोडशमान पद्धतीत दाखवतो, म्हणजे हे सोळा आहेत. आर्किटेक्ट म्हणाला, मोजणी ५१२ बाइटच्या हिशेबाने असते आणि आतले खरे सेक्टर चार केबीचे, आठ-आठचा एक, म्हणजे बिघडलेत दोनच. एकच खातं, दहा, सोळा आणि दोन. तीस वर्षं लेखा विभागात काढलेल्या माणसाचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा होता.

त्याच खिडकीत वरच्या कोपऱ्यात, साध्या दशमान पद्धतीत, डिस्क एकूण किती तास चालली तो आकडा असतो. तो एकवीस हजारांच्या आसपास होता. सासूबाई चष्मा लावून पुढे आल्या. रोज आठ तास धरले तरी सात वर्षांच्या वर भरतात. आप्पा गेली कित्येक वर्षं “चहानंतर अर्धा तास बसतो” असं सांगत आलेत. बाकी कुठल्याही आकड्यावर एकमत झालं नाही, यावर झालं.

दुपारपर्यंत गूगल आलं. गूगलच्याच तीन जणांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एआयवालीने त्यातलं वाचून दाखवलं: मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांनी स्मार्टच्या चार सगळ्यांत भरवशाच्या खात्यांत मरेपर्यंत एकही खूण दाखवली नव्हती. तेव्हा या आकड्यांत काही अर्थ नाही. साइट रिलायबिलिटीवाल्याने त्याच निबंधातलं दुसरं पान काढलं: तपासणीत पहिली चूक सापडल्यावर साठ दिवसांत डिस्क मरायची शक्यता ३९ पट होते. तेव्हा या आकड्यांत फार अर्थ आहे. दोघांचं बरोबर होतं. धडधाकट दिसणारी डिस्क कधीही दगा देते, आणि दुखणं बोलून दाखवणारीवर मात्र विश्वास ठेवावा. माणसांबद्दल आपण नेमकं उलट वागतो, असं सासूबाई म्हणाल्या, पण ते आप्पांना उद्देशून असावं.

बाहेरगावच्या तज्ज्ञांनाही कळवलेलं होतंच. पुण्याहून आत्येभावांनी फोनवर फर्मावलं, चेकडिस्क लाव, ‘आर’ घालून, सगळं आपोआप होतं. त्यांच्या आवाजात शंकेला जागा नव्हती. आता ही आज्ञा मरणपंथाच्या डिस्कवर चालवणं म्हणजे तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक सेक्टर वाचायला लावणं, अडेल तिथे पुन्हा पुन्हा. फाईलींची घडी नीट लावायला ती आहे, हेड वाचवायला नाही. पण हे पुण्याला कोण सांगणार? सांगलीहून आप्पांच्या मित्राने सुचवलं, डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. हा तोडगा जगभर फिरतो. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आणि ज्या फटीत धूळ चालत नाही तिथे पाणी काय चालणार. फ्रीजर मटारांनी भरलेला होता म्हणून डिस्क वाचली.

संध्याकाळी सभा संपली तेव्हा सात ॲक्शन आयटम निघाले होते. त्यातल्या कशातही डाटा उतरवून घ्या असं नव्हतं. डिस्क दिवसभर चालूच होती.

रविवारी मी आणि आप्पा एसपी रोडला गेलो. नवी डिस्क तर कशीही लागणारच होती. एसपी रोडवर हाताच्या लांबीच्या दुकानात माणूस बसलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर मदरबोर्ड छताला टेकलेले असतात. आप्पांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं: पंचांग, राहुकाळ, दहा, सोळा, दोन. दुकानदाराने तिसऱ्या वाक्याला हात वर केला. “सार, निमगे डाटा बेका, डिस्क बेका?” डाटा हवाय की डिस्क हवीय?

अख्ख्या शनिवारात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आप्पा गोंधळले. “एरडू बेकु,” ते म्हणाले, दोन्ही. त्यांचं कन्नड रिक्षापुरतं आहे, पण इथे ते पुरलं. मग घरी जाऊन काँप्युटर जुनीवरून चालू करू नका, सगळं एकदाच उतरवून घ्या आणि मगच काय तपासायचं ते तपासा, असं सांगून त्याने नवी डिस्क काढली. एवढ्यावर थांबला असता तर मी त्याला ऋषी म्हटलं असतं. पण बिल करता करता त्याने विचारलं, “याव एरिया?” आप्पा म्हणाले, बेळ्ळंदूर. “हां,” त्याने मान डोलावली, “फ्लड.” सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या भागात रस्त्यांवरून ट्रॅक्टर आणि होड्या चालल्या, त्यानंतर बेळ्ळंदूरची प्रत्येक वस्तू त्याच्या लेखी पाण्यानेच बिघडलेली आहे. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. जाता जाता त्याने आप्पांना एक कीबोर्डही विकला.

उतरवून घेण्याचं काम साइट रिलायबिलिटीवाल्याने केलं, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून, डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने. हा प्रोग्रॅम शहाणा आहे. सरळ वाचता येतं ते आधी उचलतो, जिथे डिस्क अडते ती जागा वहीत टिपून पुढे जातो, आणि सोपं सगळं संपल्यावरच अवघडाकडे वळतो. दहावीच्या मुलांना मी वर्षभर हेच सांगत असते. रात्रभर काम चाललं, डिस्कवर टेबलफॅन लावून. सकाळी सगळं उतरलं होतं, आठ केबी सोडून.

ती आठ केबी ऐकून दोन सेक्टरवाला आर्किटेक्ट सोसायटीभर सांगत फिरला. आणि कुणाला वाटलं असेल की विषय संपला, तर त्याला बेळ्ळंदूर कळलेलं नाही. ती आठ केबी नेमकी कशातली, हे शोधायला पुढच्या शनिवारी पुन्हा सभा भरली. आप्पांच्या डिस्कवर काय काय होतं! कुळाची वंशावळ पाच प्रतींत, प्रत्येकीत पणजोबा वेगळे. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (२)’ असं करत थेट दोन आकडी फोल्डरांपर्यंत. विम्याच्या पावत्या. आमच्या लग्नाची सीडी, जी कुणी पुन्हा पाहू नये म्हणून मी लपवली होती. अखेर सापडलं: ‘शुभ सकाळ’ असं लिहिलेलं उगवत्या सूर्याचं एक चित्र, कुणीतरी पाठवलेलं, अशाच हजारो चित्रांच्या ढिगातलं. वरचा सूर्य शाबूत होता, खालचा अर्धा भाग करडा. आप्पा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “नेमकी तीच चांगली होती.”

मग बॅकअपवर चर्चा झाली. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम स्क्रम मास्टरने फळ्यावर मांडावा तसा मांडला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. तो स्वतः हा नियम पाळणाऱ्यांपैकी आहे. त्याची घराबाहेरची प्रत गाडीच्या डिकीत असायची आणि गाडी बेसमेंटमध्ये. २०२२ च्या सप्टेंबरात ती पाण्याखाली तीन दिवस होती. एसपी रोडवाल्याचं निदान कुणाला तरी लागू पडलं म्हणायचं.

जुनी डिस्क टाकून द्यायची ठरली होती. पण आप्पांनी कुणाला न सांगता ती एका रात्री पूर्ण फॉरमॅटला लावली, झटपट नव्हे, प्रत्येक सेक्टरवर लिहिणारा. पडून असलेल्या फाईलींवर साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि त्यांचा निकाल लागला. १९७ समोर नुसते शून्य आले. बदली कुणाचीच झाली नव्हती, त्यामुळे पाच क्रमांकाचं खातंही कोरं. पिवळा चौकोन निळा झाला, ‘गुड’. आप्पांनी त्या खिडकीचा फोटो काढून मराठी ग्रुपवर टाकला. सभेतल्या सगळ्यांनी आपापल्या घरून सांगून पाहिलं की हा निळा खोटा आहे, तिच्यावर आता काही ठेवू नका.

आप्पांनी ती अँटिस्टॅटिक पिशवीत घातली, वर मार्करने ‘बॅकअप’ लिहिलं, खाली तारीख टाकून सही केली आणि कपाटात लॉकरशेजारी ठेवली. मी म्हटलं, “आप्पा, नव्या डिस्कचा बॅकअप या जुन्या डिस्कवर?”

“मग?” ते म्हणाले. “नवीचा काय भरवसा? तिला तर अजून काहीच झालेलं नाही.”